फोन कंपनीने मुद्दाम स्लो केला का? आधी बॅटरी बघा, मग ठरवा

तीन वर्षांचा फोन अपडेटनंतर रेंगाळायला लागला, ऑफिसचा चार वर्षांचा लॅपटॉप सकाळी सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो आणि भोवतालचे सगळे म्हणतात, "कंपन्या मुद्दामच करतात, नवीन घेऊन टाक." यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय. मी पंधरा वर्षं आयटी सपोर्टमध्ये आहे. तुमच्या दोन्ही वस्तूंचं दुखणं वेगवेगळं असणार असं मला वाटतं, म्हणून एकेक घेतो.

"मुद्दाम करतात" हा संशय हवेतून आलेला नाही. २०१७ च्या जानेवारीत ॲपलने आयओएस (आयफोन चालवणारी सिस्टम) १०.२.१ हे अपडेट दिलं आणि त्यात आयफोन ६, ६एस आणि एसई या मॉडेलांची बॅटरी थकली असेल तर प्रोसेसरचा कमाल वेग खाली आणायची सोय केली. हे त्यांनी स्पष्ट मान्य केलं ते डिसेंबरमध्ये, लोकांनी स्वतः वेग मोजून आकडे समोर ठेवल्यावर. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना २.५ कोटी युरोंचा दंड केला. तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल होता, हे लोक विसरतात.

कारण तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय चुकीचा नव्हता. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिच्यात साठणारी वीज तर कमी होतेच, शिवाय तिचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर पडताना आतच होणारा अडथळाही वाढतो. कॅमेरा उघडला, नकाशा चालू केला की प्रोसेसर क्षणभर खूप करंट मागतो. थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी इतकं कोसळतं की तीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन धाडकन बंद पडतो. थंडीत हे जास्त होतं. वेग आवरला तर फोन बंद पडत नाही. म्हणजे उपाय योग्य होता, पण तो गुपचूप केला. माणसाला वाटलं फोनच म्हातारा झाला, म्हणून त्याने नवीन घेतला. प्रत्यक्षात बॅटरी बदलून भागलं असतं.

याचा पुरावा पुढे कंपनीकडूनच आला. बोभाटा झाल्यावर त्यांनी वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, २०१८ च्या अखेरपर्यंत. आणि २ जानेवारी २०१९ ला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून महसुलाचा अंदाज घटवला. चीनमधली मंदी हे त्यांनी दिलेलं मुख्य कारण होतं, पण अनेकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली आणि नवा आयफोन घेतला नाही, हेही त्यात होतं. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं. खरं कारण कळलं आणि दुरुस्ती परवडली की लोक जुनी वस्तू आनंदाने वापरतात.

तेव्हा तुमच्या फोनचं पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के क्षमता आता उरली आहे, ते बघणं. आयफोनमध्ये ते मिळतंच, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही आता मिळतं. आकडा ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदला आणि मग महिनाभर वापरून बघा. आकडा चांगला असेल तर स्टोरेज बघा. ते काठोकाठ भरलं असेल तर फोनला नवं काही लिहायला मोकळी जागा शोधत बसावी लागते, तेव्हा थोडी जागा करा. मोठ्या अपडेटनंतर पहिले दोन-तीन दिवस फोन आतल्या आत फोटोंची, ॲप्सची नव्याने मांडणी करत असतो. त्या दिवसांवरून मत बनवू नका.

नवीन घ्यायचं खरं कारण माझ्या मते एकच, सिक्युरिटी अपडेट बंद होणं. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे तो अपडेटविना वापरू नये. इथे परिस्थिती सुधारते आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलंय. युरोपियन युनियनच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा.

आता लॅपटॉप. ऑफिसच्या मशीनवर अँटिव्हायरस, डेटा बाहेर जातोय का ते बघणारं सॉफ्टवेअर, रिमोट मॅनेजमेंट, बॅकअप अशी चार-पाच राखणदार मंडळी बसलेली असतात आणि सकाळी सुरू केलं की सगळी एकदम कामाला लागतात. असा लॅपटॉप वयामुळे स्लो नसतो. नवीन मिळाला तरी त्यावर हीच मंडळी येणार. टास्क मॅनेजर उघडून पहिल्या दहा मिनिटांत सीपीयू, मेमरी आणि डिस्क कोण खातंय ते बघा, स्क्रीनशॉट घ्या आणि तो तिकिटाला, म्हणजे आयटीकडे नोंदवलेल्या तक्रारीला जोडा. "लॅपटॉप स्लो आहे" एवढंच लिहिलेलं तिकीट आमच्याकडे रोज ढिगाने येतं आणि त्यावर रीस्टार्ट करा एवढंच उत्तर जातं. "स्कॅन रोज नऊला सुरू होतो, डिस्क शंभर टक्के, दहा मिनिटं" असं लिहिलंत तर ते वाचणाऱ्याला काहीतरी करावंच लागतं. स्कॅन दुपारच्या सुट्टीत हलवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. मेमरी ८ जीबी असेल तर १६ मागा. कंपनी दर तीन-चार वर्षांनी ठरल्याप्रमाणे मशीन बदलते तेव्हाही तुम्हाला अडचण काय आहे ते कोणी विचारत नाही, म्हणून ती लेखी सांगितलेली बरी.

बॅटरीचं तिकडेही बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी असतात. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू करा. कायम शंभर टक्के आणि वर उष्णता, याने बॅटरी लवकर खराब होते.

आधी बॅटरी बघायची, हे मी एका चुकीमुळे शिकलो. एका सहकाऱ्याने तिकीट टाकलं की टचपॅडचं क्लिक होत नाही. मी ड्रायव्हर बदलला, तिकीट बंद केलं. तिने पुन्हा टाकलं, मी पुन्हा तेच केलं. दोन महिन्यांनी तिच्या टेबलापाशी गेलो तेव्हा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत होता. आतली बॅटरी फुगून टचपॅडला खालून रेटत होती. ते मशीन रोज तिच्या मांडीवर असायचं. त्या दिवसापासून टचपॅडचं तिकीट आलं की मी आधी मशीन बघायला जातो.

म्हणून वरचं काहीही करण्याआधी फोन आणि लॅपटॉप दोन्ही सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगत असतील, स्क्रीनची कड उचललेली दिसत असेल किंवा क्लिक कडक झालं असेल तर चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका आणि स्वतः उघडू नका. फोन सर्व्हिस सेंटरला द्या. लॅपटॉपचं तिकीट टाकून थांबू नका, तो उचलून आयटीच्या टेबलावर नेऊन ठेवा.