अहवालात सुरक्षित ठरलेला घाटरस्त्याचा भराव पावसाळ्यात का खचतो?

तुम्ही विचारलंय की मातीच्या सगळ्या चाचण्या झालेल्या असतात, फॅक्टर ऑफ सेफ्टीही (मातीची ताकद भागिले तिला खाली ओढणारा जोर; एकच्या खाली गेला की उतार घसरतो) चांगला आलेला असतो, मग घाटातला भराव खचतो कसा? मी कोकणातल्या रस्त्यांसाठी माती तपासण्याचं काम करतो. अशा वेळी मी आधी एकच गोष्ट बघतो: तपासताना नमुना किती ओला होता?

अर्धवट ओल्या मुरमाचे कण त्यांच्यामधल्या पाण्याच्या ताणामुळे एकमेकांना धरून राहतात. अशा नमुन्याची डायरेक्ट शिअर चाचणी (पेटीतली माती आडवी सरकवून तिची ताकद मोजणं) घेतली की कोहेजनचा, म्हणजे कणांच्या चिकटून राहण्याचा, आकडा छान येतो. पण ही ताकद उसनी असते, भराव पूर्ण भिजला की जाते. म्हणून साइटवर जेवढी घनता मिळणार (हेवी प्रॉक्टर या ठोकण्याच्या प्रमाणित चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के) तेवढ्याच घनतेला नमुना ठोकायचा, पूर्ण भिजवायचा आणि पोअर प्रेशर, म्हणजे कणांमधल्या पाण्याचा दाब, मोजत ट्रायअॅक्शिअल चाचणी (नमुन्याला सगळीकडून दाब देऊन वरून दाबत मोडणं) घ्यायची. वेळ जास्त लागतो, खर्चही वाढतो. तरीही घाटात हीच चाचणी हवी, असं माझं ठाम मत आहे.

आकडेच बघा. उभ्या एकाला आडवे दोन असा उतार, घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचं माप) ३४ अंश, कोहेजन शून्य. कोरड्यात फॅक्टर येतो १.३५. पाणी उताराला समांतर झिरपू लागलं की तोच साधारण ०.६७. उतार तोच, माती तीच! २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खालचा आंबेनळी घाट जागोजागी तुटला. अशा ठिकाणी कोरड्या नमुन्याचा आकडा काय कामाचा?

दुसरी अडचण भरावाच्या बुडाशी असते. दरीकडची बाजू जुन्या डोंगरउतारावर चढवलेली असते. वरची पालापाचोळ्याची माती न काढता, पायऱ्या न खोदता भर टाकली, तर सगळा भराव जुन्या-नव्या मातीच्या सांध्यावरून सरकतो. जांभ्याखाली शेडी (मऊ चिकणमातीसारखा थर) लागली तर ती ओली झाल्यावर साबणासारखी निसरडी होते. अहवालात मात्र बऱ्याचदा फक्त खाणीतून आणलेल्या मुरमाचे आकडे असतात.

तुमच्या हातात अहवाल असेल तर दरीकडच्या पायथ्याशी बोअर (माती तपासायला पाडलेलं खोल भोक) घेतलंय का, सांध्यावरच्या मातीचे नमुने वेगळे तपासलेत का आणि गणितात पाण्याची पातळी कुठे धरलीय, एवढं बघा. पातळी धरलेलीच नसेल, तर त्यातला फॅक्टर उन्हाळ्याचा आहे असं समजा.