आरोग्यविषयक टपाल तिकिटांचा संग्रह सुरू करताना

सार्वजनिक आरोग्यावरील तिकिटांकडे आपण वळलात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. प्रारंभी एकच रोग किंवा एकच मोहीम निवडावी, असे मी सुचवेन. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या हिवताप निर्मूलन मोहिमेसाठी अनेक देशांनी तिकिटे काढली, आणि त्यांतील बहुतेकांवर एकच बोधचिन्ह असल्यामुळे देशोदेशींची मांडणी आणि छपाई यांची तुलना करत शिकण्यासाठी तो विषय फार चांगला आहे.

क्षयरोग निवडलात, तर एक भेद नीट समजून घ्यावा. डेन्मार्कमधील टपाल कर्मचारी आयनार होल्बोल यांच्या कल्पनेतून १९०४ साली निघालेली नाताळची चिकटपत्रे, म्हणजे पत्रावर चिकटवायची तिकिटासारखी चित्रे, निधी उभारण्यासाठी होती, त्यांना टपालमूल्य नव्हते. न्यूझीलंडच्या १९२९ च्या क्षयरोगविरोधी तिकिटात मात्र टपालाच्या दरासोबत देणगीची वाढीव रक्कमही समाविष्ट होती. माझ्या मते दोन्ही प्रकार संग्रहात असावेत, फक्त त्यांची पाने वेगळी ठेवावीत.

तिकीट नेहमी चिमट्याने उचलावे, आणि कोऱ्या तिकिटामागचा डिंक शाबूत राहावा म्हणून ते चिकटवण्याऐवजी पारदर्शक माउंटमध्ये, म्हणजे तिकीट आत सरकवायच्या छोट्या कप्प्यात, ठेवावे. पाकिटावर आरोग्य मोहिमेचे घोषवाक्य असलेली मोहोर स्पष्ट उमटली असेल, तर तिकीट सोडवू नये. संपूर्ण पाकीटच जपावे.