इंग्लंडचा राजा 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' कसा काय? आणि तिथल्या समुद्रातल्या वाळूवर चालायला राजाने नेमलेला वाटाड्या लागतो हे खरं आहे का?

होय, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि तुम्ही खाली विचारलंय की 'एवढं काय असतं त्या वाळूत, आपण एकटे गेलो तर', त्याचंही उत्तर देते. नोकरीमुळे मी लँकेस्टरला राहते, माहेर अलिबागकडचं, त्यामुळे ओहोटीला उघडी पडणारी जमीन आणि तिच्यावरून चालत जाणारी माणसं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी राजाचं. लँकेस्टरची 'डची' म्हणजे आपल्या भाषेत राजाची खाजगी जहागीर. 1351 मध्ये हेन्री ऑफ ग्रोमॉन्ट इथला पहिला ड्यूक झाला, त्याच्या मुलीशी लग्न करून ती जहागीर जॉन ऑफ गॉन्टकडे आली, आणि गॉन्टचा मुलगा 1399 मध्ये चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला. आता या माणसाने गादी चुलतभावाकडून हिसकावलेली, त्यामुळे उद्या आपल्यालाही कोणी उठवेल ही धाकधूक असणारच, म्हणून त्याने बापाची जहागीर सरकारी मालमत्तेत मिसळूच दिली नाही, वेगळी ठेवली. राज्य गेलं तरी जमीनजुमला घरात राहील असा पक्का हिशेब. तेव्हापासून जो कोणी गादीवर तोच लँकेस्टरचा ड्यूक. राणी असली तरी ड्यूकच म्हणायचं, डचेस नाही, एलिझाबेथच्या वेळी इथल्या समारंभात ग्लास उचलून 'द क्वीन, ड्यूक ऑफ लँकेस्टर' म्हणायचे, आता 'द किंग' म्हणतात. साधारण 18 हजार हेक्टर जमीन आहे या जहागिरीत, उत्पन्न राजाच्या खिशात जातं. लँकेस्टरचा किल्लासुद्धा डचीचाच, त्यात 2011 पर्यंत चक्क तुरुंग चालू होता. दरवर्षी लँकेशर, मँचेस्टर आणि मर्सीसाइडचे शेरीफ नेमताना राजा यादीतल्या नावापुढे पेनाने टिक करत नाही, दाभणाने भोक पाडतो. असले प्रकार इथे भरपूर आहेत आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळे शोभेचेच आहेत. पण वाटाड्याचं तसं नाही.

ते कळायला नकाशा बघा. लँकेस्टरच्या पश्चिमेला मोरकम बे नावाची मोठी थोरली खाडी आहे. तिच्या पलीकडचा भाग, फर्नेस आणि कार्टमेल, हा शेकडो वर्षं लँकेशर परगण्यातच होता, 1974 ला जिल्हे नव्याने पाडले तेव्हा तो कंब्रियात गेला. म्हंजे राजाच्या स्वतःच्या परगण्याचे दोन तुकडे आणि मध्ये समुद्र. जमिनीवरून वळसा घालायचा तर डोंगर, दलदल, नद्या, वाईट रस्ते. आणि समोर बघावं तर ओहोटीला खाडी रिकामी, सपाट वाळू, पलीकडचं गाव दिसतंय. मग लोक वाळूवरूनच जाणार ना. व्यापारी गेले, साधू गेले, 1322 मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसची फौज लुटालूट करत याच वाळूवरून लँकेस्टरवर चालून आली, नंतर घोडागाड्यांची रीतसर सर्व्हिस होती. 1857 ला खाडीच्या कडेने रेल्वे आली आणि ती बंद पडली. तोपर्यंत हाच हमरस्ता होता, फक्त दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा.

या रस्त्यावर वाट दाखवायचं काम आधी कार्टमेलच्या मठाकडे होतं. आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले, मग ती जबाबदारी डचीच्या गळ्यात पडली, आणि 1548 पासून डचीने नेमलेले वाटाडे सुरू झाले ते आजतागायत. 'किंग्ज गाइड टू द सँड्स' हे त्या पदाचं नाव. पगार वर्षाला 15 पाउंड. हो, वर्षाला, आणि सोबत किनाऱ्यावर राहायला एक जुनं घर. (आपल्या दुसऱ्या चार्ल्सने 1668 मध्ये अख्खी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पाउंड भाड्याने दिली होती, तेव्हा त्या मानाने वाटाड्याचं बरं चाललंय म्हणायचं.) सेड्रिक रॉबिन्सन म्हणून एक कोळी 1963 पासून 2019 पर्यंत या पदावर होते, इकडे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत. 1985 मध्ये प्रिन्स फिलिपना घोडागाड्यांचा ताफा घेऊन खाडी ओलांडायची हौस आली, तेव्हा पुढे सेड्रिकच होते. राणीचा नवरा असला तरी वाट त्या कोळ्याने सांगितली तीच. 2019 पासून फ्लुकबरा गावचे मायकल विल्सन आहेत, तेही मासेमारीतलेच.

आता धोका. इथे लोकांच्या डोक्यात सिनेमातली दलदल असते, माणूस हळूहळू आत जातो आणि शेवटी टोपी तेवढी वर राहते. तसं होत नाही. पाणी भरलेल्या वाळूची घनता माणसाच्या शरीराच्या जवळपास दुप्पट असते, त्यामुळे आपण कमरेपेक्षा जास्त खोल फारसे रुततच नाही, तरंगतो. मग मरतात कसे? तर अडकून राहतात आणि पाणी येतं. एरवी घट्ट वाटणारी वाळू पाय पडला की पातळ होते, पाय आत गेला की कण खाली बसून परत घट्ट होतात आणि पायाला धरून ठेवतात. 2005 मध्ये अॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, रुतलेला पाय सेकंदाला एक सेंटीमीटर या वेगाने वर ओढायचा तर लागणारी ताकद मध्यम आकाराची गाडी उचलण्याएवढी निघाली. म्हणून इथले रेस्क्यूवाले कधी दोरी बांधून खेचत नाहीत, पायाच्या बाजूने पाइप घालून पाणी मारतात, वाळू सैल झाली की माणूस सुटतो.

आणि पाणी कसं येतं हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळत नाही. मुंबईत पाच मीटरच्या आसपास भरती आली की बातमी होते, इथे मोठ्या उधाणाला फरक दहा मीटरपर्यंत जातो. आणि खाडी जवळजवळ सपाट, 310 चौरस किलोमीटर वाळू उघडी पडते, म्हंजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून जास्त. अशा सपाटीवर पाणी थोडं जरी चढलं तरी आडवं किती पळेल विचार करा. इथली म्हणच आहे की धावत्या घोड्याला गाठते. पण मला विचाराल तर वेगापेक्षा वाईट गोष्ट ही की पाणी समोरून येत नाही. वाळूत नद्यांचे आणि ओहोळांचे खोलगट मार्ग असतात, भरतीचं पाणी आधी त्यात घुसतं, तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे, समुद्र लांब दिसतोय, सगळं छान, आणि तुमच्या मागचा ओहोळ कधीच भरलाय. मागे वळाल तर किनारा दिसतो पण मध्ये छातीभर पाणी. त्यात धुकं आलं की संपलंच, कारण दिशा कळायला वाळूत काहीच नाही. आणि हे ओहोळ एका जागी राहतही नाहीत, केंट नदीचं पात्र काही वर्षांत खाडीच्या या बाजूचं त्या बाजूला सरकतं, वादळानंतर तर आठवड्यात बदलतं. म्हणून गेल्या वर्षीची वाट या वर्षी कामाची नाही आणि म्हणूनच जीपीएसवर कुणाचा तरी जुना ट्रॅक टाकून जाणं हा शुद्ध येडेपणा.

कार्टमेलच्या चर्चच्या जुन्या वहीत वाळूत बुडालेल्या 141 जणांची नोंद आहे, आणि ती फक्त पुरल्याची नोंद, सापडलेच नाहीत ते वेगळे.

पण सगळ्यात मोठी दुर्घटना आपल्या काळातली आहे, 5 फेब्रुवारी 2004. या वाळूत कॉकल नावाच्या शिंपल्या मिळतात, आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या, स्पेनकडे चांगला भाव असतो. ठेकेदाराने चिनी मजूर आणले होते, बरेचसे फुजियान प्रांतातले, कागदपत्रं नसलेले, इंग्रजी न येणारे. 25 किलोची गोण भरली की पाच पाउंड असा रेट. संध्याकाळी, थंडीत, भरतीच्या तोंडावर त्यांना हेस्ट बँक गावाजवळच्या वाळूवर सोडलं. परत निघालेल्या इंग्रज शिंपलेवाल्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून खुणा केल्या, वेळ झाली, निघा, म्हणून. त्यांना कळलं नाही किंवा निघायची मुभा नव्हती. अंधार पडला, पाणी आलं. एकाने इमर्जन्सीला फोन लावला, त्याला धड पत्ता सांगता येईना, मोडकंतोडकं 'सिंकिंग वॉटर' एवढंच. किमान 21 जण गेले, पुढे आकडा 23 धरला गेला. ठेकेदार लिन लियांग-रेनला 2006 मध्ये 14 वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच 2004 साली मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना लायसन सक्तीचं करणारा कायदा आला. म्हणून मला त्या राजेशाही वाटाड्याचं कौतुक करताना थोडं अडखळायला होतं. हौसेने चालणाऱ्यांसाठी पदसिद्ध माणूस आहे, तोही साडेचारशे वर्षांपासून, आणि त्याच वाळूवर पोटासाठी राबणाऱ्यांना भरतीचा तक्ता सांगणारं कुणी नव्हतं.

राजाला वाळू घाबरते अशातलाही भाग नाही. पूर्व किनाऱ्यावर 'द वॉश' नावाची अशीच खाडी आहे, तिथे ऑक्टोबर 1216 मध्ये जॉन राजाचं सामानसुमान, खजिन्यासकट, भरतीत गेलं आणि पुढच्या काही दिवसांत आजारी राजाही गेला. खजिना नक्की किती होता यावर इतिहासकार अजून भांडतायत.

आता तुम्हाला जायचंच असेल तर. वाटाड्याबरोबरच्या पदयात्रा उन्हाळ्याच्या दिवसांत असतात, बहुतेक कुठल्या तरी चॅरिटीसाठी, आधी नाव नोंदवावं लागतं. नेहमीची वाट आर्नसाइड गाव ते पलीकडचं केंट्स बँक गाव, सरळ रेषेत अंतर कमी आहे पण नदीला वळसा घालत 13 किलोमीटरच्या आसपास होतं. मी गेले होते. जुने बूट आणि हाफ पँट घाला, गमबूट नको, ते रुततात आणि पाय तेवढा बाहेर येतो. वाटाड्या आधी जाऊन काठीने चाचपून लॉरेलच्या फांद्या रोवून ठेवतो, लॉरेल कारण त्याची पानं खाऱ्या पाण्यात झडत नाहीत, वाट त्या फांद्यांच्या खुणेने चालते. नदीशी आलो की सगळ्यांना थांबवतात आणि एकामागोमाग नाही तर शेजारी-शेजारी लांब ओळ करून पाण्यात उतरवतात, कारण एकाच वाटेने शंभर माणसं गेली तर मागच्यांच्या पायाखालची वाळू पातळ होते. पाणी मांडीपर्यंत, जूनमध्येही दातखीळ बसवणारं. पलीकडे एका जागी पायाखालची जमीन खरवसासारखी थलथलत होती, दहा फुटांवरचा माणूस उडी मारला की मला इकडे जाणवायचं, पोरं खिदळत होती आणि वाटाड्या शांतपणे शिटी मारून म्हणाला, चालत राहा, थांबू नका. थांबलं की रुततो.

आपल्याकडे कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने जातात, परतीची वेळ चुकली की पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यात बसायचं, निदान किल्ला तरी आहे बसायला. इथे मध्ये बसायला काही नाही. म्हणून एकटं जाऊ नका, किनाऱ्याजवळ फोटोसाठी 'थोडंसंच पुढे' तर अजिबात नको, आर्नसाइडला भरतीआधी भोंगा वाजतो, तो ऐकला की वाळूवर असाल तर ताबडतोब परत फिरायचं. चुकून रुतलातच तर उभं राहून पाय उपसत बसू नका, मागे टेकून आडवे व्हा म्हंजे वजन पसरेल, पाय बारीक बारीक हलवत राहा म्हंजे आजूबाजूला पाणी शिरून वाळू सैल होईल, आलेल्या वाटेनेच परत या. सोबतच्याने जवळ जाऊन ओढायला जायचं नाही, 999 लावून कोस्टगार्ड मागायचा. मोरकमला 2002 पासून बचावासाठी हॉवरक्राफ्ट ठेवलंय, वाळू आणि पाणी दोन्हीवर चालतं, पण तुम्ही नक्की कुठे आहात हे त्यांना सांगता आलं पाहिजे, तेव्हा फोन चार्ज करून न्या. आणि हे सगळं नको असेल तर आर्नसाइडहून ग्रेंजची ट्रेन घ्या, केंट नदीच्या लांबलचक पुलावरून जाते, ओहोटीच्या वेळेची पकडलीत आणि डावीकडच्या खिडकीशी बसलात की अख्खी खाडी दिसते.