जुलाब लागलेल्या बाळाला जेवू घालावे का?

प्रश्न : माझा मुलगा 10 महिन्यांचा असून त्याला 3 दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होत आहेत. काल दोन वेळा उलटीही झाली. मी नोकरी करते, त्यामुळे दिवसा तो बाटलीने म्हशीचे दूध पितो आणि सकाळी व रात्री अंगावर पितो. ‘पोटाला आराम हवा’ म्हणून सासूबाईंनी दूध व भात बंद केला असून त्या फक्त साबुदाण्याचे पाणी देतात आणि रात्री जायफळ उगाळून चाटवतात. क्षारसंजीवनीची पुडीही आणली आहे. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात कालवून देतो, पण तो तोंड फिरवतो. दात येत असल्यामुळे हे होत असेल का? दूध पुन्हा केव्हा सुरू करावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट पुडीची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, मोठी पुडी 1 लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी 200 मिलिलिटरच्या पेल्यात घातली की द्रावण अडीच पट तीव्र होते. असे द्रावण बाळाच्या रक्तातील मीठ धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते आणि आतड्यात उलट पाणी ओढून घेऊन जुलाबही वाढवते. बाळ तोंड फिरवते आहे, ते बहुधा या खारटपणामुळेच. पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते वाचावे (200 मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात), तेवढे पाणी उकळून गार करावे आणि पूर्ण पुडी एकाच वेळी त्यात विरघळवावी. स्वतः घोटभर चाखून पाहावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. तयार द्रावण झाकून ठेवावे आणि 24 तासांनंतर उरलेले ओतून द्यावे.

प्रत्येक पातळ शीनंतर 2 वर्षांखालील मुलाला 50 ते 100 मिलिलिटर द्रावण, म्हणजे साधारण पाव ते अर्धा पेला, वाटी-चमच्याने सावकाश पाजावे. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. घाईघाईने पाजलेला पेला उलटून पडतो, चमच्याचमच्याने गेलेले बहुतेक टिकते.

मीठ-साखरेचे हे साधे पाणी काम कसे करते, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. जुलाबात आतड्याच्या अस्तराला इजा झाली तरी ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषून घेण्याची त्याची क्षमता बरीचशी शाबूत असते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणीही शरीरात शिरते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच द्रावण रुग्णांना तोंडाने पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आले. मात्र ग्लुकोजची नुसती पावडर, डब्यातले फळांचे रस आणि गोड पेये यांत साखर फार व मीठ अगदी थोडे असते. पूर्वी अशी काही गोड पेये नावात ‘ओआरएस’ मिरवीत असत. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. तरीही दुकानातून आणताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे.

आता जेवणाविषयी. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, आणि एका पिढीपूर्वी काही डॉक्टरही असाच सल्ला देत. परंतु आतड्याला आराम उपवासाने मिळत नाही. त्याच्या अस्तराच्या पेशी अन्न मिळाले की लवकर भरून येतात, आणि उपाशी बाळ 3 दिवसांत झटून कमावलेले वजन गमावते. साबुदाण्याच्या पाण्याने पोट भरल्यासारखे वाटते, मात्र त्यात पोषण जवळजवळ नसते. म्हणून दूध आजच सुरू करावे. अंगावर पाजणे तर कधीच थांबवू नये. उलट घरी असताना अधिक वेळा पाजावे. म्हशीचे दूध उकळून, पाणी न मिसळता, वाटी-चमच्याने द्यावे. बाटली मात्र कायमची बाजूला ठेवावी, कारण बुचाच्या आतल्या कडेला साचणारी साय कितीही खळबळून धुतले तरी पुरती निघत नाही आणि जंतूंना तेवढे पुरते.

वरण-भात नेहमीप्रमाणे चालू ठेवावा. मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी चांगली मऊ शिजवून, डावाने घोटून, वर चमचाभर तूप किंवा तेल घालून द्यावी. तुपाने जुलाब वाढतात ही भीती निराधार आहे आणि लहानशा पोटात अधिक ताकद जाण्याचा तोच सोपा मार्ग आहे. पिकलेले केळे कुस्करून, ताजे दही-भात, मीठ घातलेली दाट पेज हेही उत्तम. भूक मंदावलेली असते, त्यामुळे चार-पाच घासच, पण दिवसातून सहा वेळा द्यावेत, आणि जबरदस्ती करू नये. जुलाब थांबल्यावर पुढचे 2 आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे, म्हणजे गेलेले वजन भरून निघते.

यासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एकदा, अंगावरच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून, 14 दिवस द्यावी. शी घट्ट झाली की बहुतेक घरांत ती चौथ्या दिवशीच बंद होते. पुढच्या काही महिन्यांत जुलाब परतू नयेत यासाठी मात्र पूर्ण 14 दिवस लागतात. जुलाब ‘बांधणारी’ औषधे बाळाला देऊ नयेत. जायफळही बंद करावे, कारण त्याने गुंगी येते आणि बाळ शांत झोपले आहे की पाणी कमी पडून मलूल झाले आहे, हे आईलाच काय, डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. दातांना यात विनाकारण दोष लागतो. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि जुलाब त्या वाटेने येतात.

डोळे किंवा टाळू खोल गेली, 6 तासांत शू झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, बाळ सुस्तावले किंवा पिईनासे झाले, प्रत्येक घोट उलटू लागला, किंवा शीत रक्त दिसले, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे. जाताना वाटेतही चमच्याने पाजत राहावे. यातले काही नसले तरी 3 दिवस झाले आहेत, तेव्हा आज एकदा दाखवून वजन करून घ्यावे.

प्रश्न : माझी 4 महिन्यांची मुलगी फक्त अंगावर पिते. जन्मापासूनच ती दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, दाणेदार शी करते. शेजारच्या काकू ओव्याचे पाणी पाजायला सांगतात. द्यावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती खेळकर असेल आणि तिचे वजन वाढत असेल, तर हे जुलाब नाहीत, अंगावर पिणाऱ्या बाळाची शी अशीच असते. नेहमीपेक्षा एकाएकी पातळ व अधिक वेळा होऊ लागली, तरच तिला जुलाब म्हणावे. तेव्हाही पाजणे चालू ठेवून डॉक्टरांना दाखवावे. ओव्याचे पाणी हवे तर आपण प्यावे. तिला 6 महिन्यांपर्यंत साधे पाणीसुद्धा लागत नाही.