पडदा मध्येच पहिल्या पानावर जातो
प्रश्न : कोथरूडमधील एका दवाखान्यासाठी मी नोंदणीच्या टचस्क्रीन यंत्राचे सॉफ्टवेअर लिहीत आहे. माहिती भरत असतानाच वेळ संपून पडदा पहिल्या पानावर जातो, अशी रुग्णांची तक्रार आहे. वेळमर्यादा काढून टाकावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : काढू नका. रुग्ण अर्ध्यावर सोडून गेला, तर त्याचा मोबाइल क्रमांक आणि आजाराचा तपशील रांगेतल्या पुढच्या माणसासमोर उघडा राहील. मात्र पिशवीत चष्मा शोधणाऱ्या आजींना यंत्राने न विचारता हाकलावे, हेही बरे नव्हे. वेळ संपण्यापूर्वी सूचना देऊन मुदत वाढवून घेण्यास किमान २० सेकंद द्यावीत, असे संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीचे डब्ल्यूसीएजी निकष सांगतात. तोच नियम येथे लावावा आणि मुदत वाढल्यावर भरलेला मजकूर जसाच्या तसा ठेवावा. क्रमांकासाठी केवळ अंकांचा, मोठ्या बटणांचा कळफलक पुरेसा आहे. बटण बोट टेकताच न चालता उचलल्यावर चालावे, म्हणजे चुकून टेकलेले बोट बाजूला सरकवून सोडता येते. चाचणी मात्र टेबलावर बसून करू नका. यंत्रासमोर उभे राहून, एका हातात ओली छत्री धरून करा, कारण कपॅसिटिव्ह (बोटाच्या विद्युत परिणामावरून स्पर्श ओळखणाऱ्या) पडद्याला पाण्याचा थेंबही कधीकधी बोटासारखाच भासतो.