ठराव झाला, मंजुरी बाकी आहे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल परवा रात्री वाचला. बोर्डानं तिन्ही कॉलेजं एकत्र करायचा ठराव एकमतानं केला, टाळ्या वाजल्या, केक कापला गेला, आणि दुसऱ्या दिवशी बॉसनं तुला बोलावून सांगितलं की आता फक्त मान्यतेचा अर्ज भरायचा राहिलाय, तेवढा तू बघ. त्या ‘फक्त’पाशी मी अडखळले. उत्तर मेलवरच लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे लग्नात बैठक ठरली म्हणजे सगळं झालं असं मुलाकडचे समजतात. मुलीकडच्यांना ठाऊक असतं की खरी धावपळ आता सुरू होणार. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी कॉलेजांच्या, विलीनीकरणात तू मुलीकडची आहेस, हे आधी मनाशी पक्कं कर.

माझी सगळी नोकरी रजिस्ट्रारच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या, ऑफिसात गेली. एक विलीनीकरण मी आतून पाहिलं, ते पुढे सांगते. पण ज्यातून मी सगळ्यात जास्त शिकले ते माझं नव्हतंच, कनेक्टिकटचं होतं. तुझ्या बॉसला एकच गोष्ट सांगायची झाली तर ती सांग.

त्या राज्यात बारा कम्युनिटी कॉलेजं होती. राज्य एवढंसं, पण कॉलेजांचे स्वभाव बारा. हार्टफर्डचं कॅपिटल भर बाजारात, ‘जी. फॉक्स’ नावाच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत. नॉर्थवेस्टर्न डोंगराळ भागात विन्स्टेड गावी. हाउसॅटॉनिक ब्रिजपोर्टसारख्या कारखान्यांच्या शहरात. प्रत्येकाचा अध्यक्ष वेगळा, कॅटलॉग वेगळा, ॲक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजला मिळणारी मान्यता, वेगळं. राज्याची तिजोरी आटलेली, विद्यार्थी कमी होत चाललेले. एप्रिल २०१७ मध्ये राज्याच्या कॉलेज-सिस्टिमचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क ओजाकियन यांनी जाहीर केलं की बारांचं एक कॉलेज करायचं. त्याच वर्षी डिसेंबरात बोर्ड ऑफ रीजंट्सनं, म्हणजे या कॉलेजांच्या नियामक मंडळानं, योजनेवर शिक्का मारला. २०१९ च्या उन्हाळ्यात नवं कॉलेज उघडायचं ठरलं. बारभाईंचा कारभार संपणार, पैसे वाचणार, असा सगळा सूर होता.

एप्रिल २०१८ मध्ये न्यू इंग्लंडच्या ॲक्रेडिटेशन आयोगानं प्रस्ताव परत पाठवला.

का, ते नीट वाच, कारण तुझ्या अर्जाची सगळी गोम इथं आहे. विलीनीकरण वाईट आहे असं आयोग म्हणालाच नाही. त्याचं म्हणणं असं की बारा कॉलेजं मिटवून एक उभं करायचं म्हणजे चालू संस्थेतला बदल नव्हे, ही नवी संस्था जन्माला येते आहे, तेव्हा नव्या उमेदवारासारखे या. शिवाय दिलेलं वेळापत्रक पाळलं जाईल, मधल्या काळात पुरेसा पैसा आणि माणसं असतील, याची खात्री त्यांना पटली नाही. बोर्डाचा ठराव होता, अंदाजपत्रक होतं, छान रंगीत तक्ते होते. नव्हतं ते एवढंच: पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता कोण कुठं उभं असेल, याचं उत्तर.

पुढं पाच वर्षं गेली. २०२० च्या अखेरीस ओजाकियन निवृत्त झाले. कित्येक ठिकाणच्या प्राध्यापकांनी अविश्वासाचे ठराव केले. सगळ्या अभ्यासक्रमांची जुळवाजुळव करायला समित्यांवर समित्या बसल्या. २०२१ मध्ये टेरेन्स चेंग सिस्टिमचे प्रमुख झाले, मार्च २०२२ मध्ये आयोगानं प्रस्ताव स्वीकारला, त्याच वर्षी जॉन मडुको नव्या कॉलेजचे अध्यक्ष म्हणून आले, आणि १ जुलै २०२३ ला सीटी स्टेट कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. दोन वर्षांचं काम सहा वर्षांवर गेलं. तुझा बॉस एका वर्षाची गोष्ट करतोय.

अर्थात एका वर्षात होतच नाही असंही नाही. जॉर्जियात २०१२ च्या जानेवारीत बोर्ड ऑफ रीजंट्सनं आठ संस्थांच्या चार जोड्या ठरवल्या, डिसेंबरात दक्षिणेकडच्या आयोगानं मान्यता दिली आणि २०१३ च्या जानेवारीत चारही नव्या संस्था उभ्या राहिल्या. पण तिथं दोनाचं एक होत होतं, बाराचं नव्हे. तिथल्या रीजंट्सना राज्यघटनेनंच अधिकार दिलेले आहेत, त्यांना विधानसभेच्या दारात जावं लागत नाही. आणि कोणाला का जोडायचं याची तत्त्वं त्यांनी आधी, २०११ मध्येच, ठरवून जाहीर केली होती. एवढं सगळं सुरळीत होऊनही ऑगस्टा शहरात नावावरून रण पेटलंच. ‘जॉर्जिया रीजंट्स युनिव्हर्सिटी’ या नावात गावाचं नावच नाही म्हणून लोक चिडले, आणि २०१५ मध्ये ते बदलून ऑगस्टा युनिव्हर्सिटी करावं लागलं. नाव शेवटी ठेवू असं तुमच्या बैठकीत कोणी म्हणालं तर ही गोष्ट सांग.

आता तुझ्या कामाचं. पहिलं दार विधानसभेचं. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शोधून काढ: तुमच्या राज्याच्या कायद्यात या कॉलेजांची नावं लिहिलेली आहेत का? लिहिलेली असतील तर बोर्डाच्या ठरावाला विधानसभेचा कायदा लागेल. लुइझियानात तर राज्यघटनेनं दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं मागितली आहेत. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या दोन सरकारी विद्यापीठांचं विलीनीकरण तेवढी मतं जमेनात म्हणून बारगळलं. हे शोधायला वकील लागतोच असं नाही. अधिनियमाची प्रत आणि एक दुपार पुरते. वकिलाला नंतर विचार, पण प्रश्न घेऊन जा, कोरी पाटी घेऊन जाऊ नकोस.

दुसरं दार ॲक्रेडिटेशन आयोगाचं. आपल्याकडच्या नॅकशी याची तुलना आपण सगळेच पहिल्यांदा करतो आणि तिथंच फसतो. नॅकची श्रेणी घसरली तर प्राचार्यांना अवघडल्यासारखं होतं, पण पदवी विद्यापीठाची असते, ती कुठं जात नाही. इथं पदवी कॉलेज स्वतः देतं, आणि त्या कॉलेजचं ॲक्रेडिटेशन गेलं तर केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत बंद. पेल ग्रँटच घे, गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी, परत न करायची मदत. २०२३-२४ मध्ये ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या कित्येक मुलांचं शिक्षण या एका रकमेवर उभं असतं. म्हणून आयोगाच्या पत्राची वाट अध्यक्षांपेक्षा फायनान्शियल एडच्या खिडकीतली बाई जास्त पाहत असते.

न्यू इंग्लंडच्या आयोगाची नऊ मानकं आहेत. ध्येय, नियोजन, कारभार, अभ्यासक्रम, विद्यार्थी, अध्यापन, साधनं, परिणामकारकता, आणि नववं सचोटी व पारदर्शकता. तुमचा आयोग दुसरा असेल, मांडणी थोडी वेगळी असेल, विचारणा तीच. माझा अनुभव असा की अर्ज लिहिणारी माणसं पहिल्या मानकावर चाळीस पानं लिहितात, कारण ध्येयाबद्दल लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. अध्यापनावर चार पानं, कारण तिथं प्राध्यापकांकडे जावं लागतं आणि ते रागावलेले असतात. आयोगाचे लोक स्वतः कॉलेजांतून आलेले असतात. पानं मोजल्याबरोबर त्यांना कळतं की तुम्ही कुणाशी बोलला नाहीत.

तेव्हा तू उलट सुरुवात कर. अभ्यासक्रमापासून. तीन कॉलेजांत इंग्रजीचा पहिला कोर्स तीन नावांचा, तीन क्रमांकांचा, कदाचित वेगवेगळ्या क्रेडिटचा असेल. तो एक कोणी करायचा? बोर्डानं? मुळीच नाही, ते काम शिकवणाऱ्यांचं, आणि तसं झाल्याचं आयोगाला कागदावर दिसायला हवं: बैठकीची तारीख, हजेरी, मतभेद, निर्णय. मतभेद लपवू नकोस. कनेक्टिकटात सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एक सामायिक कोर्स ठरवला, कॉलेज आणि करिअरची तोंडओळख करून देणारा, तर तीन क्रेडिट त्यालाच गेल्यावर आमच्या विषयांचं काय, यावरून केवढा वाद झाला. तो वाद झाला हे माझ्या मते बरंच झालं. सगळ्यांनी माना डोलावलेल्या इतिवृत्तावर मी तरी विश्वास ठेवत नाही. आणि एक गंमत बघ, त्याच राज्यात नर्सिंगचा अभ्यासक्रम सहा कॉलेजांत आधीपासून सामायिक होता. कारण तिथं परवान्याची परीक्षा एकच, पेशंटही कॉलेज पाहून आजारी पडत नाही. तुमच्या तीन कॉलेजांत असं काही आधीच एकत्र चालू आहे का, ते हुडक. अर्जात ते पुढे ठेव. कल्पनेपेक्षा चालू गोष्ट आयोगाला लवकर पटते.

नर्सिंगचा विषय निघाला म्हणून सांगते. नर्सिंग, डेंटल हायजीन, रेडिओग्राफी यांचे मान्यता देणारे वेगळे, आणि राज्याचं परवाना मंडळ आणखी वेगळं. कॉलेजच्या मोठ्या अर्जात यांची आठवण कुणाला राहत नाही. आमच्याकडेही राहिली नाही. विलीनीकरण उन्हाळ्यात झालं, आणि शेवटच्या सत्रातल्या एका मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर, नव्या कॉलेजचं नाव छापून आलं. ती परवान्यासाठी दुसऱ्या राज्यात अर्ज करत होती. तिथल्या यादीत ते नाव अजून चढलेलं नव्हतं. हॉस्पिटलनं तिची जागा धरून ठेवली खरी, पण पगार सहा आठवडे उशिरा सुरू झाला. ती एकटी आई होती. मी रोज फोन करत होते, आणि पलीकडून रोज सांगत होते की यादी अपडेट होईल तेव्हा होईल. चूक आमच्या ऑफिसची होती, म्हणजे माझी. जुन्या नावाचं ट्रान्सक्रिप्ट कुठल्या तारखेपर्यंत, नव्याचं कुठल्या तारखेपासून, आणि दोन्ही नावांचा संबंध सांगणारी एक ओळ खाली छापायची, एवढं आधी ठरवायचं राहिलं होतं. ती एक ओळ तू आत्ताच लिहून ठेव.

तिसरं दार वॉशिंग्टनचं, शिक्षण खात्याचं. प्रत्येक कॉलेजला मदतीसाठी एक क्रमांक असतो, विद्यार्थी फॅफसा, म्हणजे मदतीचा केंद्राचा अर्ज, भरताना तोच कोड टाकतो. तीन कॉलेजं एक झाली की तीन कोडांचा एक होतो. खातं आयोगाच्या मान्यतेशिवाय पुढं जात नाही, म्हणजे इथला उशीर तिथं साचतो. तारीख ठरवताना शैक्षणिक वर्षाच्या मध्ये ती पडू देऊ नकोस. कनेक्टिकटची १ जुलै हा योगायोग नाही. मदतीचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं.

मी एवढ्या अडचणी सांगते म्हणून मला विलीनीकरणाच्या विरोधातली समजू नकोस. दोन कॉलेजांत एकाच सत्रात शिकणाऱ्या मुलाला दोन्हीकडून पेल मिळत नाही. दोन्हीकडचे क्रेडिट एकत्र धरायचे तर दोघांत करार लागतो, आणि तो फॉर्म कुठल्या कपाटात आहे हे ऑफिसातही सगळ्यांना माहीत नसतं. साठ क्रेडिटच्या पदवीसाठी त्यातले पंधरा तरी आमच्याकडे घ्या, असं प्रत्येक कॉलेज म्हणतं, म्हणून बदली झालेल्या बापाच्या मुलीला शेवटचे दोन कोर्स उगाच जास्त करावे लागतात. एक कॉलेज झालं की हे दोन्ही प्रश्न मिटतात. अर्जात बचतीचे आकडे कमी आणि या मुलीसारखी उदाहरणं जास्त येऊ देत. बचतीचं म्हणशील तर पहिली काही वर्षं खर्चच वाढतो, नव्या सॉफ्टवेअरचा, पाट्यांचा, पगार समान करण्याचा. युनियनचे करार तीन असतील तर पगार वरच्या आकड्याला जुळतात, खालच्या नव्हे. हे तुझ्या बॉसला आवडणार नाही. तरी सांग.

मुंबईतही काही वर्षांपूर्वी इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. ते समूह विद्यापीठ, कॉलेजांनी आपली नावं राखली. तुझ्या आईच्या पिढीला विचार, ती अजून ‘मी एल्फिन्स्टनची’ असंच सांगते. तुमच्या छोट्या कॉलेजातले लोकही तसंच सांगणार आहेत, तेव्हा इमारतीवरची जुनी पाटी काढायची घाई कोणाला करू देऊ नकोस. ती पाटी ठेवायला आयोगाची हरकत नसते. हरकत असते ती पदवीपत्रावर दोन नावं आली तर.

आता एवढं कर. तीनांतलं सगळ्यात लहान कॉलेज कुठलं, तिथल्या रजिस्ट्रारला फोन लाव. मेल नको, फोन. बहुतेक तिच्या ऑफिसात अडीच माणसं असतील आणि विलीनीकरणानंतर आपली जागा राहणार की नाही हे तिला कोणी सांगितलेलं नसेल. तुलाही सांगता येणार नाही, तसं खोटं सांगू नकोस. तिला विचार की १ जुलैच्या सकाळी काय मोडेल असं तिला वाटतं. ती जे सांगेल ते लिहून घे आणि मग अर्जाचं अध्यापनाचं प्रकरण लिहायला बस. मसुदा झाला की मला पाठव, ध्येयाचं प्रकरण नंतर पाठवलंस तरी चालेल.

आईला सांग, मेतकूट पोचलं.

तुझी,
मावशी