व्हॅन्कोमायसिनचा रिपोर्ट वाचण्याआधी घड्याळ पाहा

वडिलांना हाडातील जंतुसंसर्गासाठी व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक चालू आहे, कालच्या रिपोर्टात रक्तातील पातळी ३८ आली असून तिच्यापुढे 'जास्त' असा शेरा आहे, आणि तरीही डॉक्टरांनी औषध बंद न करता पुढच्या डोसच्या आधी रक्त पुन्हा तपासायला सांगितले. हा हलगर्जीपणा तर नव्हे, असे आपण विचारले आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे हीच तपासणी केल्यामुळे सांगतो, की मला तो हलगर्जीपणा वाटत नाही.

हे औषध तोंडावाटे दिल्यास रक्तात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून ते शिरेतून, आणि तेही सावकाश, एक ग्रॅमला किमान एक तास या गतीने द्यावे लागते. बाटली संपते तेव्हा पातळी सर्वांत वर असते. पुढे मूत्रपिंडे ते बाहेर टाकू लागतात आणि ती धडधाकट असतील तर साधारण ४ ते ६ तासांत पातळी निम्म्यावर येते. डोस संपल्यावर तासाभराने काढलेल्या रक्तात ३८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दिसले, तर त्यात घाबरण्यासारखे फारसे काही नाही. तेच ३८ पुढच्या डोसच्या तोंडावर दिसले, तर मात्र औषध शरीरात साचते आहे असे समजावे. प्रयोगशाळेचे यंत्र ही दोन रक्ते वेगळी ओळखत नाही. 'जास्त' हा शेरा ते डोसआधीची मर्यादा धरून छापते.

म्हणून वॉर्डातील सिस्टरांना विचारा: डोस किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, रक्त किती वाजता काढले आणि कुठून काढले. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. एकदा माझ्याकडे आलेल्या नळीत पातळी सत्तरच्या वर निघाली, पण त्याच रुग्णाचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम बिघडले की रक्तात वाढणारा घटक, अगदी व्यवस्थित होते. हे दोन्ही एकत्र बसेना. चिठ्ठीवर वेळेच्या रकान्यात नुसते 'सकाळी' लिहिलेले. वॉर्डात फोन केल्यावर कळले, की ज्या सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या कॅथेटरमधून) व्हॅन्कोमायसिन जात होते, तिच्यातूनच रक्तही काढले होते. लाइनमध्ये उरलेले औषध सरळ नळीत उतरले होते. दुसऱ्या हाताला सुई टोचून घेतलेल्या रक्तात पातळी १६ आली. तोवर त्या रुग्णाचा एक डोस विनाकारण चुकला होता, आणि गंभीर संसर्गात तेही नुकसानच असते.

पूर्वी सगळी भिस्त डोसआधीच्या एकाच पातळीवर असे. २००९च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी गंभीर संसर्गात ती १५ ते २० ठेवावी असे सांगितले होते; पण त्या पातळीला मूत्रपिंडांना इजा होण्याचे प्रमाण वाढते असे दिसू लागले. २०२०च्या सुधारित सूचनांमध्ये, एमआरएसए या, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूच्या गंभीर संसर्गासाठी, चोवीस तासांत रक्ताला औषधाचा एकूण किती सहवास घडला हे मोजावे, आणि तो आकडा, ज्याला एयूसी म्हणतात, ४०० ते ६०० यांच्या दरम्यान राखावा, असे आहे. त्यासाठी शक्यतो दोन नमुने घेतात: एक डोस संपल्यावर एक-दोन तासांनी, दुसरा पुढच्या डोसच्या आधी. आपल्या वडिलांचे दुसरे रक्त याच हिशेबासाठी मागितले असण्याचीही शक्यता आहे, तेव्हा डॉक्टरांना तसे विचारायला संकोचू नका. सगळीकडे हा हिशेब करतात असे नाही. माझ्या मते नमुन्यांच्या वेळा काटेकोर नोंदवता येत नसतील, तर त्याचा उपयोगही बेताचाच.

(अ‍ॅमिकासिनसारख्या दुसऱ्या गटातील प्रतिजैविकांचे गणित वेगळे आहे. दिवसातून एकदा देताना तेथे सुरुवातीची पातळी उंचच हवी असते आणि पुढच्या डोसआधी ती जवळजवळ उतरलेली हवी, कारण साचलेल्या औषधाने कानाला झालेली इजा सहसा भरून येत नाही. दोन्ही औषधांचे रिपोर्ट एकाच मापाने वाचू नयेत.)

डोस कमी करणे, लांबवणे किंवा थांबवणे हा निर्णय डॉक्टरांचाच. आपण मात्र गेल्या तीन-चार दिवसांची क्रिएटिनिनची मूल्ये ओळीने लिहून काढा आणि लघवीच्या मोजमापाचा तक्ता पाहा. क्रिएटिनिन चढत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर दुसऱ्या रिपोर्टाची वाट न पाहता, पुढची बाटली लावण्याआधीच ते ड्यूटीवरील डॉक्टरांच्या कानावर घाला.